दोघांचे भांडण, पण तिसरा कोण?



सोयाबीनची सोंगणी आटोपली, सुडी मोडून हडंब्यातून माल निघाला, कुटार एका बाजूला नि पोती दुसऱ्या बाजूला लागली, की आपल्या वाशीम जिल्ह्यात घरोघर एकच विषय सुरू होतो. विकावे की ठेवावे? कारंज्याला न्यावे की वाशीमला? रिसोडचा भाव काय निघाला, मंगरुळपीरचा काय? दिवाळी तोंडावर, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर, आणि हरभऱ्याची पेरणी थांबायला तयार नाही.

या जुन्या प्रश्नाला २०१८ पासून एक नवी पुरवणी जोडली गेली आहे. पारावर बसलेला कोणी तरी म्हणतो, "अमेरिकेचे आणि चीनचे पुन्हा वाजले म्हणतात. चीन आता अमेरिकेचा सोयाबीन घेत नाही. मग आपल्याला चांगले दिवस येतील की!" दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण तर आपण लहानपणापासून ऐकतो. म्हण खोटी नाही. मात्र या भांडणातला तिसरा आपणच आहोत, असे धरून पोती थप्पीला लावण्याआधी व्यवहार नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी आजचा हा लेख.

आधी गिऱ्हाईक केवढे मोठे आहे ते पाहा. २०२४ साली चीनने बाहेरून सुमारे १० कोटी ५० लाख टन सोयाबीन आणले. आपल्या सबंध देशात, म्हणजे मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान सारे धरून, वर्षाला साधारण १ कोटी ते सव्वा कोटी टन पिकते. म्हणजे आपले वर्षाचे पीक चीनची आयात दीड महिन्यात संपवून टाकते. एवढा माल त्यांना लागतो कशाला? माणसांसाठी थोडा, पण मुख्यतः डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी. खाण्यापिण्याची ऐपत वाढली तसे मांस वाढले, मांस वाढले तशी पेंड लागू लागली. गंमत अशी की सोयाबीनचे मूळ माहेर चीनच. ज्या देशाने हे पीक जगाला दिले तोच आज त्याचा सर्वांत मोठा आयातदार आहे.

या गिऱ्हाइकाचा जुना दुकानदार म्हणजे अमेरिका. २०१७ साली चीनने अमेरिकेकडून सुमारे ३ कोटी २९ लाख टन सोयाबीन घेतले. ६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने चिनी मालावर जादा आयातशुल्क लावले. चीनने त्याच दिवशी उलट तडाखा दिला आणि अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा कर बसवला. त्या वर्षी अमेरिकेकडून होणारी खरेदी निम्म्यावर, म्हणजे १ कोटी ६६ लाख टनांवर आली. आणि ब्राझीलकडून होणारी? ५ कोटी ९ लाखांवरून ६ कोटी ६१ लाख टनांवर गेली. तेव्हा तिसरा कोण, याचे उत्तर आकड्यांनीच दिले आहे.

ब्राझील या जागी एका रात्रीत येऊन बसला नाही. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७२-७३ साली पेरू देशाच्या समुद्रात मासळीचा दुष्काळ पडला. त्या मासळीची भुकटी जनावरांच्या खाद्यात जात असे. ती मिळेनाशी झाल्यावर सगळे सोयाबीनवर तुटून पडले, अमेरिकेत भाव भडकले, आणि जून १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी काही महिन्यांतच उठली. पण जपान घाबरला तो घाबरलाच. त्यांच्या रोजच्या जेवणात सोयाबीन, आणि पुरवठा जवळजवळ सारा अमेरिकेच्या हातात! मग जपानने ब्राझीलच्या सेराडो नावाच्या माळरानावर पैसा ओतायला सुरुवात केली. ती जमीन लाल आणि आम्लधर्मी, पीक येईना अशी. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी तिला चुना घातला, स्फुरद दिले, उष्ण हवेत येतील असे वाण काढले. ज्या माळावर गुरे चरत होती तिथे आज मैलोगणती सोयाबीन उभे असते. अमेरिकेने एका हंगामात दार लावून घेतले, आणि त्याच वाटेवर पुढे दुसरे दुकान उभे राहिले. २०२४ मध्ये चीनने ब्राझीलकडून साडेसात कोटी टनांच्या जवळपास माल घेतला, अमेरिकेकडून सव्वादोन कोटींहूनही कमी.

मधल्या काळात समेटही झाला होता. १५ जानेवारी २०२० रोजी दोघांनी करार केला, चीन पुन्हा खरेदीला उतरला. २०२५ मध्ये परत ठिणगी पडली. एप्रिलमध्ये तर दोन्हीकडचे शुल्क शंभर टक्क्यांच्या वर गेले, मे महिन्यात खाली आले, पण चिनी व्यापारी अमेरिकी सोयाबीनकडे फिरकले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या बंदरांत अमेरिकी सोयाबीनचा एक दाणाही उतरला नाही. अमेरिकेतला शेतकरी ऐन कापणीत कोठारे भरून बसला. नंतर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे दोन्ही राष्ट्राध्यक्ष भेटले. वर्षअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि पुढची तीन वर्षे दर वर्षी अडीच कोटी टन सोयाबीन चीन घेईल, असे अमेरिकेने जाहीर केले. अडीच कोटी म्हणजे २०१७ पेक्षा कमीच. गेलेले गिऱ्हाईक पुरते परत आले नाही ते नाहीच.

आता आपल्या यार्डात येऊ. चीन आपला माल का घेत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. एक तर आपल्याकडे द्यायला मालच फारसा नाही, कारण पिकते ते बहुतेक इथल्याच सॉल्व्हंट प्लँटमध्ये गाळले जाते. दुसरे म्हणजे आपला माल महाग पडतो. ब्राझीलला हेक्टरी तीन टनांच्या वर उतारा येतो, आपला देशाचा सरासरी उतारा एक टनाच्या आसपास घुटमळतो. म्हणजे एकरी त्यांचे बारा-तेरा क्विंटल, आपले चार. आपण आळशी म्हणून हे होते असे मुळीच नाही. आपली हलकी-मध्यम जमीन, पावसाचा भरवसा नाही, फुलोऱ्यात ताण नि सोंगणीत पाऊस. पण बोटीवर माल चढवताना गिऱ्हाईक पावसाची चौकशी करीत नाही, भाव विचारते.

मग चीन आपला घेत नाही आणि परदेशी सोयाबीन आपल्याकडे सहसा येत नाही, तर त्यांच्या भांडणाची झळ आपल्याला लागावी कशी? याचे उत्तर पोत्यात आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळले की त्यातून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात. बाकीची घट. प्लँटवाला या दोहोंचा भाव जोडतो, गाळपाचा खर्च, वाहतूक नि आपला नफा वजा करतो, आणि उरेल तो प्लँटचा भाव. अडत्याच्या मोबाईलवर सकाळी येतो तो हाच. त्यातून ओलावा, माती-काडी, डागी दाणा यांची कपात होऊन तुमच्या ढिगाचा भाव ठरतो.

आपण हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, आजचे बाजारभाव म्हणून घेऊ नका. समजा तेल १२० रुपये किलो. १८ किलोचे झाले २१६० रुपये. पेंड समजा ३२ रुपये किलो, ८० किलोचे झाले २५६०. बेरीज ४७२०. साडेतीनशे रुपये खर्च-नफा काढला तर प्लँटला भाव परवडतो ४३७०. आता तेल किलोमागे १० रुपयांनी वाढले तर क्विंटलला वाढतात १८० रुपये. आणि पेंड किलोमागे नुसती ५ रुपयांनी उतरली तर क्विंटलचे जातात ४०० रुपये! तेलाच्या पिशवीचा भाव चढला की "आता सोयाबीन उडणार" असे आपण म्हणतो, आणि सोयाबीन जागचे हालत नाही, त्याचे इंगित हे. सोयाबीनला तेलबी म्हणतात खरे, पण त्या पोत्यात पेंड हा थोरला भाऊ आहे.

आणि याच पेंडीला परदेशच्या भांडणाची झळ लागते. चीनने अमेरिकी सोयाबीन नाकारले की ते तिथे स्वस्त होते. शिकागोच्या वायदे बाजारात २०१८ च्या उन्हाळ्यात भाव असेच कोसळले होते. स्वस्त बी अमेरिकेतच गाळले जाते, पेंड उदंड होते, आणि ती पेंड आशियातल्या बाजारांत आपल्या पेंडीच्या शेजारी येऊन बसते. ब्राझीलच्या मालाला मात्र चीनच्या मागणीमुळे शिकागोवर वरचा भाव मिळतो. म्हणजे शिकागोचे पडलेले भाव आपल्या वाट्याला, आणि ब्राझीलचा वरचा भाव ब्राझीलच्याच खिशात. अमेरिकेच्या शेतकऱ्याचे नुकसान झाले म्हणून इथे कोणी पेढे वाटू नयेत. त्याला तर २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत त्याच्या सरकारने मिळून २८ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. तसा टेकू आपल्याला मिळालेला नाही.

भांडणाचा लाभ आपल्याला कधीच होत नाही असे मात्र नाही. अमेरिकेने इराणवर निर्बंध घातले तेव्हा इराणला डॉलरमध्ये खरेदी करणे अवघड झाले. आपण त्यांचे खनिज तेल घेत होतो, त्याचे पैसे रुपयांत भारतीय बँकेत जमा होत होते, आणि त्या रुपयांतून इराणने आपली सोयापेंड घेतली. २०१८-१९ मध्ये आपल्या पेंडीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक इराण होते. तसेच २०२५ च्या मार्चमध्ये चीनने कॅनडाच्या मोहरीवर्गीय पेंडीवर १०० टक्के कर लावला आणि आपल्याकडच्या मोहरीच्या पेंडीला चीनचे दार उघडले. राजस्थानच्या शेतकऱ्याला त्याचा आधार झाला. दोन्ही वेळा आपल्याकडे माल तयार होता, आणि समोरच्याची दुसरी वाट बंद होती. चीनला सोयाबीनसाठी ब्राझीलची वाट सताड उघडी आहे.

आता भगिनींसाठी थोडे, कारण तेलाचा डबा त्यांच्या ताब्यात असतो. आपला देश वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. सोयाबीनचे बी आपल्या वेशीवर अडते, पण त्याचे तेल खुशाल आत येते. ते किती स्वस्त यावे, हे दिल्लीतल्या आयातशुल्काने ठरते. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क अधिभार धरून ५.५ वरून २७.५ टक्के केले होते. ३० मे २०२५ रोजी, म्हणजे आपण बियाण्याच्या पिशव्या खरेदी करीत होतो तेव्हा, ते पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले.

शहरातल्या घराला याने आराम मिळाला, यात वाद नाही. आपल्या घराचा हिशेब वेगळा आहे. समजा पाच माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागते. तेल किलोला १० रुपये स्वस्त झाले तर वर्षाला वाचले ४८० रुपये. त्याच घराने २० क्विंटल सोयाबीन विकले असेल तर वरच्या हिशेबाने गेले ३६०० रुपये. स्वयंपाकघरात वाचले ते ताटातले चार शिते, आणि खळ्यावरून गेले ते पोते. घरखर्चाच्या वहीत हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत असे सुचवावेसे वाटते.

तेलाच्या या वाटेवर एक प्रकार २०२५ च्या सप्टेंबरात घडला, तो फारसा कोणाच्या कानावर गेला नाही. अर्जेंटिनाला डॉलरची फार निकड होती. त्या सरकारने धान्य आणि तेलबियांवरचा निर्यातकर २२ सप्टेंबरला अचानक शून्य केला आणि सात अब्ज डॉलरच्या मालाची नोंद होताच दोन-तीन दिवसांत सवलत गुंडाळली. एवढ्या वेळात चीनने तिथले सोयाबीन उचलले, आणि आपल्याकडच्या आयातदारांनी सोयातेलाचे सौदे करून घेतले. त्यांना दोष देता येत नाही, व्यापारी स्वस्त तिथे घेणारच. पण तारीख पाहा. आपल्याकडे लवकरच्या वाणाची सोंगणी सुरू होत होती, पावसाने शेंगा डागाळल्या होत्या, आणि आपल्या नव्या मालाच्या स्वागताला परदेशी तेलाची तजवीज आधीच झाली होती.

पेंडीला घरातूनही एक प्रतिस्पर्धी निघाला आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढताना जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून कुक्कुटपालनवाले खाद्यात तो मिसळू लागले. मक्याचा भाव इथेनॉलमुळे सुधारला, आणि त्याच इथेनॉलच्या चोथ्याने सोयाबीनचा भाव दाबला. एकाच बांधावरची ही दोन पिके! अमेरिका-चीनच्या बातमीइतकीच ही गोष्ट आपल्या भावाला लागू आहे, पण ती पारावर कोणी बोलत नाही.

"अहो, पण २०२१ मध्ये दहा हजार भाव झाला होता, तो कसा?" हा प्रश्न हमखास येणार. त्या वर्षी चीनची खरेदी जोरात होती, जगभर खाद्यतेल भडकले होते आणि आपल्याकडे जुना माल संपत आला होता. ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांच्या आसपास गेला तेव्हा शेतकऱ्याच्या घरात किती माल होता? फारच थोड्यांकडे. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तेलावरचे शुल्क त्या वर्षी टप्प्याटप्प्याने उतरवले, आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या जवळ आला. पुढे २० डिसेंबर २०२१ पासून सोयाबीनचे वायदेही थांबवले गेले आणि त्या बंदीला वारंवार मुदतवाढ मिळाली. वायदे चांगले की वाईट यावर मतभेद आहेत. माझ्या मते एक तोटा सरळ आहे: तीन महिन्यांनी काय भाव राहील याचा अंदाज घ्यायची जी एक उघडी खिडकी शेतकऱ्याला होती, ती बंद झाली, आणि परदेशच्या बाजारावर डोळा ठेवणाऱ्या मोठ्या खरेदीदाराची मात्र तशीच उघडी राहिली. त्या दहा हजारांच्या आठवणीवर पुढे कित्येकांनी दोन-दोन वर्षे सोयाबीन घरात ठेवले. उंदीर, घट आणि व्याज यांनी त्यातले किती खाल्ले, ते ज्याचे त्याला ठाऊक.

वऱ्हाडला हा अनुभव काही पहिला नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या काळी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातले पाचातले चार भाग अमेरिकेतून येत. ती वाट तुटली आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. आपल्या वाशीमला तेव्हा इंग्रज दप्तरात बासिम म्हणत. कापसाचे भाव अनेक पटींनी चढले, पेरा वाढला, मुंबईत तर पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकी कापूस परत वाटेला लागला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या आणि इथला भाव घसरला. कापूस मात्र आपल्या शेतात कायमचा राहून गेला. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जी शकुंतला गाडी धावली, ती याच कापसाच्या गाठींसाठी. त्या वेळी तिसरे आपण होतो. चार वर्षे.

तर मग या हंगामाला काय करायचे? मला विचाराल तर चीन-अमेरिकेच्या बातमीपेक्षा तीन गोष्टी विचारत चला. पेंडीचा भाव काय, कच्च्या तेलावरचे शुल्क बदलले का, आणि ब्राझीलचे पीक कसे आहे. ब्राझीलची कापणी जानेवारीत सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात येते. तिथे पाऊसपाणी उत्तम असल्याच्या बातम्या डिसेंबरपासून येत असतील तर संक्रांतीनंतर मोठ्या तेजीची आशा धरून सारा माल अडवण्यात जोखीम आहे. तिथे ताण पडला असेल तर थोडा थांबण्यात अर्थ आहे. थांबायचे तेही सगळ्या मालावर नव्हे. उधारी आणि हरभऱ्याचा खर्च निघेल एवढे विकून बाकीचे वाळवून ठेवावे, किंवा वखारीत ठेवून पावतीवर तारण कर्ज मिळते का, ते बाजार समितीत विचारावे.

आणि हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ५३२८ रुपये होता, त्याच्या आधीच्या वर्षी ४८९२. दोन्ही वर्षी ऐन आवकेत यार्डातला भाव त्याच्या खाली होता. सरकारी केंद्रावर माल घालायचा तर आधी नोंदणी लागते. सातबारा, त्यावर सोयाबीनच्या पेऱ्याची नोंद, आधार, बँकेचे पासबुक. ई-पीक पाहणी राहून गेली म्हणून केंद्रावरून परत आलेली माणसे दर वर्षी दिसतात, तेव्हा ते काम ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकावे. ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या नोव्हेंबरात ती त्या हंगामापुरती १५ टक्के केली होती, पण तशी सवलत दर वर्षी मिळेल असे धरू नये. दोन उन्हे जास्त दिली, ताडपत्रीवर पातळ पसरून दुपारी एकदा हात फिरवला, तर वजन थोडे घटते आणि माल परत येत नाही.

पुढच्या अंकी हळदीचे पाहू. रिसोड भागातून त्याबद्दल बरीच पत्रे आली आहेत.